गाडी म्हातारी होते ती रबरानं

आमच्या दादांची छोटी पेट्रोल गाडी २०१०ची, एमएच-२४ नंबरची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी दाखवून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणून भर उन्हाळ्यात ती पासिंगला नेली. चेसिस नंबरचा पेन्सिलनं छाप घेऊन झाला, हॉर्न वाजला, वायपर फिरले. दादा निर्धास्त होते, कारण गाडी सगळी मिळून चाळीसेक हजार किलोमीटरच फिरलेली. इंजिनाचा आवाज आजही घड्याळासारखा.

निरीक्षकांनी गाडी थोडी पळवली आणि हँडब्रेक ओढला. डांबरावर मागच्या उजव्या चाकाचा काळा ओरखडा उमटला, डाव्याचा उमटलाच नाही. मग ते खाली वाकले, टॉर्च मारून आत पाहिलं आणि कागदावर चार ओळी लिहिल्या. मागचा डावा ब्रेक कमी. टायरला भेगा. टायरॉड एंडचा, म्हणजे स्टीअरिंगच्या सांध्याचा, बूट (रबरी टोपण) फाटलेला. लोअर लाइटचा झोत वर. गाडी नापास.

मी रसायनशास्त्र शिकवतो. त्या चार ओळी वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की चारांतली तीन दुखणी थेट रबराची आहेत आणि चौथ्याच्या मुळाशीही रबरच निघणार. जुनी गाडी घेताना आपण इंजिन विचारतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, फार तर पत्रा वाजवून बघतो. कोकणात पत्रा बघणं बरोबर आहे, तिथली खारी हवा लोखंड खाते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा बराच टिकतो. इथं ऊन आणि धूळ रबर खातात.

टायरचंच बघा. कायदा नक्षीची खोली मोजतो, कारला किमान १.६ मिलिमीटर हवी. आमच्या टायरची नक्षी त्याच्या तिप्पट होती. गाडी गॅरेजात नेली, तर मिस्त्रींनी मला चाकाजवळ बसवलं. "सर, नख रोवून बघा. नक्षी लई हाय, पण रबर मेलंय." टायरच्या बाजूवर, जमिनीला टेकतो त्याच्या जरा वर, केसासारख्या भेगांची जाळी होती. नखानं दाबलं तर रबर दबेना. जुन्या खोडरबरासारखं कडक.

असं का होतं? रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. गंधक घालून तापवलं की त्या साखळ्यांमध्ये आडवे टाके पडतात आणि चिकट चीक लवचीक रबर होतो. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलेली ही प्रक्रिया. पण टाके घालण्याचं काम कारखान्यात पुरतं थांबत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते हळूहळू चालूच ठेवतात, साखळ्या जास्तच जखडल्या जातात आणि रबर ताठर होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हातलं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यावर टेकलेल्या टायरचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा शत्रू ओझोन. जमिनीलगत उन्हात तयार होणारा हा वायू अगदी थोडा असतो, पण रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो कात्रीसारखा कापतो, आणि तेही जिथं रबर ताणलेलं असतं तिथं आधी. उभ्या गाडीचा टायर जमिनीजवळ फुगतो, तोच भाग ताणलेला राहतो आणि भेग तिथंच पडते. यावर उपाय म्हणून टायरच्या रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो, तसतसं हे मेण पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. लिंबाखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला हे कवच मिळत नाही. कमी फिरली म्हणून गाडी चांगली, हा आपला समज टायरच्या बाबतीत उलटा आहे. टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरवर २३१४ होतं, म्हणजे २०१४चा २३वा आठवडा.

ब्रेकचं दुखणं मला जास्त भीतीचं वाटलं, कारण चालवताना ते कळलंच नव्हतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. मागचं एक चाक आळशी झालं तरी गावात, रोजच्या वेगात, पायाला काही जाणवत नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रात चाकं रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा जोर वेगळा मोजतात, तो याचसाठी. डाव्या-उजव्यात फरक असेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताच गाडी आडवी फिरू शकते.

मिस्त्रींनी ड्रम उतरवला. आत लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ओले, तेलकट, चॉकलेटी. व्हील सिलिंडरमध्ये अंगठ्याच्या पेराएवढी रबरी वाटी असते, ती ब्रेक ऑइल अडवून धरते. तिची कड झिजली होती, ऑइल थेंबथेंब लायनरवर येत होतं आणि लायनर घसरत होते. हे सुटे भाग पेट्रोलनं किंवा इंजिन ऑइलनं पुसायची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. ती मोडायलाच हवी. ब्रेकच्या वाट्यांचं रबर खनिज तेलात फुगतं आणि वाटी अडकते. त्या धुवायच्या तर ब्रेक ऑइलनंच.

ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे. ते ग्लायकॉल ईथर जातीचं द्रव असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ या प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. आता मांजरसुंबा घाट डोळ्यांपुढं आणा. माणसांसकट ९०० किलोची गाडी ब्रेकवर १०० मीटर खाली उतरली तर सुमारे ८८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनानंच वेग रोखला नाही तर जवळपास सगळी ब्रेकमध्येच. तेवढ्यात ३ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला येईल. जुनं ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही, आणि पॅडल जमिनीला टेकतं. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं ते म्हणूनच.

टायरॉड एंडच्या फाटलेल्या बुटामागं तर आपली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. त्या लाटांवर बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) आणि बूट रात्रंदिवस पिळले जातात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ पॉलिशच्या लेपासारखी सांधा घासते, स्टीअरिंगला खेळ येतो, आणि शेवटी सांधा निखळू शकतो. पन्नास-शंभर रुपयांचा बूट वेळेवर बदलला असता तर अख्खा टायरॉड एंड टाकावा लागला नसता.

लाइटची काच आम्ही पुसून घेतली होती, तिचा काही दोष नव्हता. मागच्या सस्पेन्शनचे बुश चेपले, शॉकअप थकले, गाडी मागं बसली आणि नाक वर गेलं. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यात उजेड जाणारच. लोअरचा झोत १० मीटरवरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. हे घरच्या भिंतीवर खडूची रेघ मारूनही बघता येतं.

पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, मात्र गाडी पास झाली. या वयाच्या बीएस-३ मानकाच्या गाडीला धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत हवा, तो होता. इंजिन गरम करून नेलं होतं, कारण धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही.

मिस्त्रींनी जाता जाता पेट्रोलची नळीही दाखवली. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही लातूर-धाराशिवच्या उसातूनच आलेलं असेल. जुन्या नळ्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. जोडाजवळ बोट फिरवलं तर बोटाला वास लागला. निरीक्षकांच्या कागदावर ही ओळ नव्हती. नळी आम्ही त्याच दिवशी बदलली.