श्रद्धेचं अर्धायुष्य

चेकियातल्या (म्हणजे झेक प्रजासत्ताकातल्या) एका पडक्या चर्चचं रील सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. बाकांवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, चेहरा नसलेली माणसं बसली आहेत, मागे भेसूर संगीत, आणि खाली ओळ अशी की युरोपात ख्रिस्ती धर्म संपला, आता तिथे भुतं प्रार्थना करतात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याला हसण्याच्या आणि टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पडला.

आधी भुतांचं पाहू. हे लुकोव्हा गावातलं सेंट जॉर्जचं चर्च. १९६८ साली एका अंत्यविधीच्या वेळी त्याच्या छताचा काही भाग कोसळला, आणि गावकरी आत जायला घाबरू लागले. तुळई कुजली असेल असं म्हणण्यापेक्षा वास्तू शापित आहे असं म्हणणं तिकडेही सोपं जातं. बाकांवरची ‘भुतं’ मात्र याकुब हाद्रवा या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने नंतर केलेले प्लास्टरचे पुतळे आहेत. ते पाहायला पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्या देणग्यांतून दुरुस्तीला हातभार लागला.

आता ते ओस का पडलं ते. या भागात पिढ्यान्‌पिढ्या जर्मन भाषिक राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनांना हाकललं गेलं आणि अशी कितीतरी गावं एका झटक्यात रिकामी झाली. कोकणातल्या घराला कुलूप दिसलं म्हणून त्या घराण्याचा वंश बुडाला असं आपण म्हणत नाही. मंडळी मुंबईला असतात. चर्चचंही पुष्कळदा तसंच असतं.

आपल्या जवळची उदाहरणं घ्या. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं चर्च १८३५ मध्ये सोडलं गेलं, कारण पोर्तुगाल सरकारने धर्मसंघच बरखास्त केले होते. त्याआधीच साथींनी शहर पोखरलं होतं आणि वस्ती पणजीकडे सरकली होती. देखभाल थांबल्यावर अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, कमानी छत खाली आलं. दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. आज ४६ मीटर उंचीच्या जांभ्याच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. त्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे. तिकडे वसईच्या किल्ल्यातली चर्चं चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर हळूहळू पडकी झाली. पण किल्ल्याबाहेर पडून पापडी, नंदाखाल, निर्मळकडे जा, रविवारी मराठीतला मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, ऐकायला माणसं दाटीवाटीने उभी असतात. म्हणजे पडका दगड हे श्रद्धा मोजायचं भलतंच वाईट उपकरण आहे.

इंग्लंडमध्ये तर आणखी एक गंमत आहे. ३० मार्च १८५१ च्या रविवारी तिथे चर्चांची आणि उपस्थितीची मोजणी झाली. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी ७९ लाख होती आणि बसायच्या जागा १ कोटी २ लाखांच्या घरात, म्हणजे तान्ही मुलं, आजारी आणि कामात अडकलेली माणसं वगळली तर जवळपास सगळ्यांना पुरतील एवढ्या. पुढेही वेगवेगळ्या पंथांनी एकमेकांशी चढाओढ करत बांधकाम चालूच ठेवलं, आणि तेही खेड्यांतून माणसं शहरांकडे निघालेली असताना. म्हणजे बरीच ब्रिटिश चर्चं अर्धी रिकामी होती त्याचं कारण ती मुळात गरजेपेक्षा जास्त बांधली होती. रॉबिन गिल या अभ्यासकाने हा मुद्दा आकडेवारीनिशी मांडला आहे.

मग रीलवाल्याचं म्हणणं सपशेल खोटं का? नाही. त्याने पुरावा चुकीचा दिला, घसरण मात्र खरी आहे. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, २०११ मध्ये ५९.३ आणि २०२१ मध्ये ४६.२. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे २०११ च्या २५.२ टक्क्यांवरून दहा वर्षांत ३७.२ वर गेले. प्रश्न कसा विचारता यावर आकडे हलतात. ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारलं की माणूस सवयीने एक उत्तर देतो. ‘तुम्ही स्वतःला कुठल्या धर्माचे मानता का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणणारे वाढतात. ब्रिटनमधल्या २०१८ च्या सामाजिक सर्वेक्षणात असा दुसऱ्या पद्धतीचा प्रश्न होता, आणि ५२ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नसल्याचं सांगितलं होतं.

ही घसरण होते कशी? आम्हा विज्ञानप्रेमी मंडळींचं आवडतं उत्तर ठरलेलं असतं: शिक्षण वाढलं, डार्विन आला, लोक विचार करू लागले, श्रद्धा सुटली. ऐकायला छान वाटतं. पण तसं असतं तर नव्या ज्ञानाचा परिणाम साठीच्या माणसावर आणि विशीच्या मुलीवर कमीजास्त का होईना, दोघांवर दिसायला हवा होता. ब्रिटनमधली आकडेवारी वेगळंच सांगते.

डेव्हिड व्होआस आणि अ‍ॅलस्टेअर क्रॉकेट या दोघा संशोधकांनी २००५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या हाताशी एक दुर्मीळ खजिना होता. १९९१ पासून ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार माणसांना दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारले जात होते, आणि ही माणसं कुटुंबांनिशी निवडलेली होती. त्यामुळे आई काय म्हणते, बाप काय म्हणतो आणि मोठं झालेलं मूल स्वतः काय म्हणतं हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येत होतं.

कुठल्याही सामाजिक बदलाच्या मागे तीन गोष्टी असू शकतात. वय: म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो, ही आपली लाडकी समजूत. काळ: एखादी घटना सगळ्यांना एकदम हलवते. आणि पिढी: विशिष्ट वर्षांत जन्मलेले लोक मुळातच वेगळे घडतात. या तिघांना पूर्णपणे सुटं करणं गणिताने अशक्य आहे, कारण चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय आपोआप मिळतं. तीन अज्ञातांपैकी तिसरं स्वतंत्र उरतच नाही. तरीही आलेख काढल्यावर ब्रिटनचं चित्र लख्ख दिसतं. एकेका पिढीची रेषा जवळजवळ आडवी जाते. १९३० च्या दशकात जन्मलेले लोक चाळिशीत जेवढे धार्मिक होते, साधारण तेवढेच सत्तरीतही राहिले. फक्त प्रत्येक पुढच्या पिढीची आडवी रेषा आधीच्या रेषेच्या खाली आहे. म्हातारपणी देवाकडे वळणारे कमीच. म्हातारे जास्त धार्मिक दिसतात, कारण ते आधी जन्मले.

मोठ्या वयात श्रद्धा सोडणारे थोडेच, तरी चर्च रिकामं होतं! आजी होती तशीच राहते आणि एक दिवस वारते. तिच्या जागी बसायला नातू येत नाही.

नातू का येत नाही, ते या दोघांनी मोजलं. आईबाप दोघेही धार्मिक असतील तर मूल धार्मिक निघण्याची शक्यता साधारण निम्मी. दोघांपैकी एकच असेल तर त्याच्याही निम्मी, म्हणजे चारात एक. दोघेही नसतील तर जवळपास शून्य. अश्रद्धा मात्र पुढच्या पिढीत अगदी बिनचूक पोचते. म्हणून त्यांनी म्हटलं की ब्रिटनमध्ये संस्थात्मक धर्माचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, एक पिढी आहे. किरणोत्सारी मूलद्रव्याचं अर्धायुष्य आपण शाळेत शिकलो, तोच हा हिशोब.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते, म्हणून कागद-पेन्सिल घ्या. १०० जोडपी, म्हणजे २०० माणसं, आणि त्यातली १६० धार्मिक धरा. प्रत्येक जोडप्याला दोन मुलं. समजा धार्मिकांनी आपापसातच लग्नं केली: ८० जोडपी, १६० मुलं, त्यातली निम्मी, म्हणजे ८० धार्मिक. आता समजा लग्नांची सरमिसळ झाली. ६० जोडप्यांत दोघेही धार्मिक आणि ४० जोडप्यांत एकेकच. धार्मिक माणसं तेवढीच, १६०. पहिल्या ६० जोडप्यांची १२० मुलं, त्यातली ६० धार्मिक. उरलेल्या ४० जोडप्यांची ८० मुलं, त्यातली चौथा हिस्सा, म्हणजे २०. बेरीज? पुन्हा ८०.

कुणी कुणाशी लग्न केलं याने काहीच फरक पडत नाही! एकट्या पालकाचा प्रभाव दोघांच्या बरोब्बर निम्मा असला की समीकरण सरळ रेषेचं होतं आणि दर पिढीला आकडा निम्मा होत जातो: ८० टक्के, ४०, २०, १०. धर्माबाहेर लग्नं होतात म्हणून धर्म बुडतो, ही ओरड जगभर ऐकू येते. निदान या हिशोबात तरी ती टिकत नाही. उलट एकटा श्रद्धावान पालक दोघांइतकाच परिणामकारक असता, तर बाहेर लग्न करणं धर्माच्या फायद्याचं ठरलं असतं. त्याच्या दोन मुलांतलं एक श्रद्धावान निघालं असतं, म्हणजे त्याची जागा भरली असती. आपसात लग्न केलेल्या दोघांच्या दोन मुलांतही एकच निघतं, म्हणजे दोन जागांना एक.

पिढ्यांची ही दरी जनगणनेत उघड दिसते. २०२१ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ख्रिस्ती लोकांचं मध्यक वय ५१ होतं आणि धर्म न मानणाऱ्यांचं ३२.

व्होआस आणि क्रॉकेट यांच्या निबंधानंतर काही वर्षांनी भौतिकशास्त्रवालेही मैदानात उतरले. डॅनियल एब्रम्स, हेली येपल आणि रिचर्ड वीनर यांनी २०११ मध्ये एक समीकरण मांडलं. त्याचा मूळ सांगाडा एब्रम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी २००३ मध्ये मरणपंथाला लागलेल्या भाषांसाठी, वेल्श आणि केचुआसारख्यांसाठी, बनवला होता. कल्पना साधी: ज्या गटात माणसं जास्त आणि ज्यात राहण्याचं आकर्षण जास्त, त्याकडे ओढा जास्त. श्रद्धावानांचं प्रमाण ‘श’ आणि त्या गटाचं आकर्षण शून्य ते एक या मापात ‘आ’ मानलं, तर सोप्यात सोप्या रूपात बदलाचा वेग श × (१ − श) × (२आ − १) या गुणाकाराच्या प्रमाणात राहतो. आ अर्ध्यापेक्षा कमी झाला की शेवटचा कंस ऋण होतो आणि आलेख आडव्या पडलेल्या ‘एस’सारखा उतरतो: आधी संथ, मधे वेगात, शेवटी पुन्हा संथ. ज्यांना अवकलन आठवतं त्यांनी हे सोडवून पाहावं, उत्तर सुबक येतं. बाकीच्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल.

समीकरण जनगणनांशी छान जुळलं, आणि मग बातम्या आल्या की ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चेकिया, नेदरलँड्स, आयर्लंड अशा नऊ देशांतून धर्म नामशेष होणार. असल्या मथळ्यांचाही मला भुतांच्या रीलइतकाच राग येतो. समीकरणातला ‘आ’ कायम तोच राहील असं कुणी सांगितलं? शिवाय त्यात जन्मदर नाही, स्थलांतर नाही. अमेरिकेचंच पाहा. प्यू या तिथल्या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत ख्रिस्ती २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०१४ मध्ये ७१ आणि २०२३-२४ मध्ये ६२; पण २०१९ नंतर हा आकडा बराचसा थबकलेला आहे. तिथे मोठ्या वयात धर्म सोडणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे ब्रिटनचं पिढ्यांचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही.

इमारतींचा प्रश्न मात्र समीकरणाची वाट पाहत थांबत नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्चं आहेत आणि त्यातली बहुतेक कायद्याने संरक्षित, म्हणजे परवानगीशिवाय पाडताही येत नाहीत. प्रार्थना बंद झालेली साडेतीनशेच्या वर चर्चं एक सरकारी मदतीचा न्यास सांभाळतो. त्यांच्या खर्चाची सुरुवात शिल्पांपासून होत नाही, छपराच्या पन्हाळीपासून होते. पन्हाळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, मग तुळईचं टोक कुजतं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टच्या तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं दुकान आहे, आर्नहेमच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये पोरांनी स्केटिंग केलं.

आणि जगभरचा ताळेबंद तर भलतीकडेच झुकतो. प्यूच्या हिशोबाने २०२० मध्ये पृथ्वीवर सुमारे २३० कोटी ख्रिस्ती होते, त्यातले ३०.७ टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि २२.३ टक्के युरोपात. आफ्रिकेत जन्मदर मोठा आणि घरातून मुलांकडे श्रद्धा पोचण्याचं प्रमाणही मोठं. युरोपात धर्मगुरू व्हायला तरुण मिळेनासे झाले, त्यामुळे जर्मनीतल्या कितीतरी गावांत रविवारचा मिस्सा सांगायला आता केरळहून गेलेले फादर उभे असतात.