राखाडी पुस्तिकेवरची तारीख

परदेशात गाडी भाड्याने घ्यायला काउंटरवर उभं राहिलं की पासपोर्ट आणि लायसन्सच्या जोडीला कधीकधी आणखी एक वस्तू मागतात. साधारण पोस्टकार्डाएवढी, राखाडी कव्हराची, आत फोटो आणि शिक्के असलेली कागदी पुस्तिका. विमानाचं तिकीट फोनवर चालतं, पैसे फोनवरून जातात, आणि ही मात्र अजून हातात धरून दाखवावी लागते. तिचं आजचं रूप बव्हंशी 1949 सालातलं आहे.

तिचं खरं नाव इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, पण लोक तिला सर्रास ‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणतात. तिथेच अर्धा घोटाळा होतो, कारण ती लायसन्स नव्हेच. मूळ लायसन्सवरचा मजकूर अनेक भाषांत मांडणारा तो एक अधिकृत अनुवाद आहे. मूळ लायसन्स जवळ नसेल तर नुसत्या पुस्तिकेला किंमत नाही, आणि ज्या देशाने ती दिली त्या देशात तर ती चालतच नाही.

अशा कागदाची गरज का पडली, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतं. तेव्हा लायसन्स ही कल्पनाच कुठे धड रुजली नव्हती. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्येच चालकाला प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं. ब्रिटनमध्ये 1904 पासून लायसन्स आलं खरं, पण पैसे भरले की ते मिळायचं. गाडी चालवता येते का, हे कुणी विचारत नसे. सक्तीची चाचणी तिथे थेट 1935 मध्ये सुरू झाली. मग सीमेवरच्या अधिकाऱ्याने अनोळखी भाषेतला असा कागद कशाच्या भरवशावर मानायचा?

त्यावर 11 ऑक्टोबर 1909 रोजी पॅरिसमध्ये पहिला करार झाला. गाडी आणि चालक या दोघांसाठी मिळून एकच प्रमाणपत्र, मुदत एक वर्ष. खड्डा किंवा उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक हे इशाऱ्याचे चार फलकही याच कराराने ठरवले. गाडीच्या मागे देशाची अक्षरं लिहिलेली लंबगोल पाटी असते ना, तीही इथलीच.

गाडी आणि चालक एकाच कागदात बांधण्यातली अडचण उघड होती. एकाच गाडीला दोन चालक असू शकतात, आणि चालक दुसऱ्याची गाडीही हाकू शकतो. 1926 च्या पॅरिस कराराने दोघांना वेगळं केलं आणि केवळ चालकासाठी स्वतंत्र परमिट जन्माला आलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जिनिव्हात 19 सप्टेंबर 1949 रोजी नवा करार झाला. पुस्तिकेचा आकार, रंग, पानांचा क्रम, सगळं परिशिष्टात नेमून दिलं गेलं. आत वाहनांचे ए ते ई असे पाच वर्ग असतात आणि ज्या वर्गाची परवानगी आहे त्याच्यासमोर शिक्का. शेवटचं पान फ्रेंचमध्ये. तिथेच, फारसं कुणी न वाचलेली, एक रिकामी जागा असते: यजमान देशाने या चालकाला आपल्या रस्त्यांवर बंदी घातली, तर देशाचं नाव आणि कारण लिहिण्यासाठी. म्हणजे पाहुण्याचा हक्क काढून घ्यायची सोय करारातच करून ठेवली होती. मला या सगळ्या मसुद्यातली ही सर्वांत व्यवहारी गोष्ट वाटते.

1968 मध्ये व्हिएन्नात पुढचा करार झाला. तो अमलात यायला 1977 उजाडलं. त्यात देशोदेशींची मूळ लायसन्सच एका साच्यात आणण्यावर भर होता. या कराराच्या परमिटची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते, अर्थात मूळ लायसन्स त्याआधी संपत नसेल तर.

पण नव्या कराराने जुना संपत नाही. दोन्ही देशांनी नवा स्वीकारला तरच त्यांच्यात तो लागू, नाहीतर आधीचाच चालू. जपान फक्त 1949 चं परमिट मानतो. जर्मनी त्या करारात नाही, म्हणून जर्मन पर्यटकाला तिथे आपल्या लायसन्सचा अधिकृत जपानी अनुवाद न्यावा लागतो. 1968 ची पुस्तिका खिशात असून उपयोग शून्य. मुख्य भूमीवरचा चीन तर यातलं कुठलंच परमिट मानत नाही. ब्रिटनने व्हिएन्ना करारावर सही 1968 मध्येच केली, पण मान्यता दिली 2018 मध्ये, ब्रेक्झिट तोंडावर आल्यावर. 28 मार्च 2019 पासून तो तिथे लागू झाला. बाहेर पडण्याच्या अटींवर करार न होताच ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर पडावं लागलं तर फ्रान्ससाठी 1968 चं आणि स्पेनसाठी 1949 चं, अशी दोन परमिटं बाळगा, असं तेव्हा ब्रिटिश चालकांना सांगितलं जात होतं. एकाच सुट्टीत, एकाच गाडीतून.

परमिट देतं कोण, याचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात सीमेपलीकडे गाडी नेण्याची कागदपत्रं मोटार आणि टूरिंग क्लबच बघत. सरकारांनी परमिटचं कामही अनेक ठिकाणी त्यांच्याकडेच सोपवलं, ते आजवर चालू आहे. खाजगी संस्था सरकारी ताकदीचा कागद देते म्हटल्यावर तोतयांना वाट मोकळीच. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2003 मध्ये इंटरनेटवर बनावट परमिटं विकणाऱ्यांवर कारवाई केली होती. दहा वर्षांची मुदत, चकचकीत प्लास्टिकचं कार्ड, लायसन्स नसलं तरी चालेल अशी हमी: करारात यातलं काहीच बसत नाही. अधिकृत पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कराराची तारीख छापलेली असते, आणि जिथे जायचंय त्या देशाला कोणती तारीख चालते हे अर्ज करण्याआधीच बघावं लागतं.