शिडाच्या नावेतले दोन दिवस : रेणुकासागरावर येणाऱ्यांसाठी माहिती

आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एक राउंड मारायला किती घेतासा?" आम्ही राउंड विकत नाही. मोटरबोट कधीही निघते आणि कधीही परत येते. शिडाच्या नावेला वाऱ्याची वेळ पाळावी लागते, आणि सौंदत्तीच्या पाण्यावर, म्हणजे मलप्रभेच्या धरणात साठलेल्या रेणुकासागरावर, ती वेळ ऊन ठरवतं. म्हणून आमचा कार्यक्रम शनिवारी सकाळी बेळगावहून निघून रविवारी संध्याकाळी परत, असा पुरा दोन दिवसांचा आहे.

पाऊस खानापूरचा, ऊन सौंदत्तीचं

मलप्रभा उगम पावते कणकुंबीला. जांबोटी-कणकुंबी भागातला पाऊस आपल्याला वेगळा सांगायला नको. तिथून नदीबरोबर पूर्वेला सरकलं की बैलहोंगलपर्यंत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो आणि सौंदत्तीला पोचेपर्यंत डोंगर बोडके होतात. नविलुतीर्थाच्या घळईत नदी अडवून झालेलं हे ३७.७३ टीएमसीचं धरण भरतं सह्याद्रीच्या पावसावर. काठावर मात्र जोंधळा, हरभरा, कापूस. याला कुणी वाळवंट म्हणणार नाही, पण पाण्याची चाल वाळवंटातल्या तलावाचीच. अमेरिकेत नेवाडा आणि अ‍ॅरिझोनाच्या मधलं मीड सरोवर असंच दूरच्या रॉकी पर्वतावरच्या बर्फाच्या पाण्यावर जगतं. २०२२च्या उन्हाळ्यात ते एवढं आटलं की कधीकाळी बुडालेल्या होड्या उघड्यावर आल्या.

आपल्याकडे पाणी उतरणं हा दरवर्षीचा क्रम आहे. कालवे सुटले की काठ मागे जातो. ऑक्टोबरात जिथून नाव पाण्यात लोटतो, तिथे एप्रिलात भेगाळलेली काळी जमीन असते. जुने बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभरावर येतात. त्यामुळे "मागच्या वेळी त्या टेकाडापर्यंत गेलो होतो, परत तिकडंच चला" हा आग्रह आम्ही नेहमी मानतोच असं नाही.

वारा कसा चालतो

रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा खाली उतरत नाही. सकाळी आठ वाजता पाणी काचेसारखं असतं. फोटो छान येतात, नाव हलत नाही. ही वेळ आम्ही शिकवण्यात घालवतो : शीड कसं चढवायचं, दोर कुठला ओढायचा, सुकाणू डावीकडे लोटलं की नाव उजवीकडे का वळते. दहा-साडेदहानंतर जमीन तापते, हवा वर चढते, वरचा वारा खाली ओढला जातो आणि पाण्यावर पहिल्या सुरकुत्या दिसतात. शिवाय तापलेल्या काठाकडे पाण्यावरची गार हवा सरकते ती वेगळीच. दुपारी वाऱ्याला जोर असतो. सूर्य कलला की तो पडतो, कधी कधी अक्षरशः दहा मिनिटांत. तेव्हा मैलभर लांब असलात तर वल्ही मारत यावं लागतं. म्हणून पाचच्या सुमाराला आम्ही नाव काठाकडे वळवतो. त्या वेळी पाहुण्यांना हमखास अजून थोडं थांबायचं असतं. आम्ही थांबत नाही.

डोंगराजवळ वारा सरळ येत नाही. कड्याला आपटून वळतो, घळईत दाटून जोरात सुटतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुठं वळलीत ते पाहून वरच्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला आमची माणसं तुम्हाला शिकवतील. खालचा वारा पाण्याच्या रंगावरून कळतो. गडद पट्टा सरकत आला की झुळूक आली समजा.

वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची नाव जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे, अशी नागमोडी चढत जावं लागतं. "समोर तर दिसतंय, सरळ का नेत नाही?" याचं उत्तर हेच.

कधी यावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाणी भरपूर, वारा पूर्वेकडचा आणि समजूतदार. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दांडगा, पाणी गढूळ, त्यात ओंडके. आम्ही नाव काढत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचं भय. दुपारी ढग काळा होऊन उठला की आधी वावटळ येते, मग वीज, आणि उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपली डोलकाठी असते. यल्लम्माच्या मोठ्या पौर्णिमांनाही नोंदणी घेत नाही. भंडारा उधळत आलेल्या गर्दीतून नावेची ट्रॉली नेणं म्हणजे स्वतःची आणि भक्तांची दोघांची परीक्षा.

जिवाचं आधी

लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, पट्टे आवळून. कृष्णेत पोहून वाढलेल्यांनाही सूट नाही. शीड ताणणारा आडवा दांडा वळताना डोक्यावरून फिरतो. "वाका" म्हटलं की आधी वाका, कारण नंतर विचारा. नाव उलटली तर तिला धरून राहा. काठ जवळ वाटतो तेवढा नसतो आणि पालथी नावही तरंगते. आम्ही ती सुलटी करतो. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचं तोंड यांच्या जवळ जात नाही. पाणी तिथे वरून शांत दिसतं आणि खाली ओढतं. प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर ती मच्छिमारांची जाळी. त्यांना वळसा घालायचा. ते त्यांचं पोट आहे, आणि काठावर अडचण आली तर पहिले धावून येतात तेच. बोलणं कन्नडमधून होईल, आमच्या माणसांना दोन्ही येतं. नावेत दारू नाही, आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरीही नाही.

बरोबर काय आणाल

दोरी लावलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चिखलात निसटणार नाहीत असे पट्ट्यांचे सँडल. ऊन वरून येतं तसं पाण्यावरून उलटंही येतं, त्यामुळे हनुवटीखालीसुद्धा भाजतं. डिसेंबरात रात्री पांघरूण लागतंच. जेवण आमचं : जोंधळ्याची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. खाऊ आणणार असाल तर कुंदा घरीच ठेवा, गोकाकचा करदंट आणा. उन्हात तो तग धरतो.

पैशांचं

वादळ किंवा धरणातून अचानक सोडलेलं पाणी यामुळे आम्ही रद्द केलं तर सगळे पैसे परत. वारा पडला म्हणून परत नाहीत. पडलेल्या वाऱ्यात बसून राहणं हाही या दोन दिवसांचा भाग आहे. ते नको असेल तर मोटरबोटच बरी.

एका नावेत आमच्या माणसाशिवाय तिघे बसतात. नाव कलली की तुम्हालाच वरच्या बाजूला सरकून तोल सांभाळायचा असतो, म्हणून नोंदणी करताना प्रत्येकाचं वजन विचारतो. तेवढं खरं सांगा.