पाणी ओसरलं की जमीन वर आली?

सेल्सियस म्हटलं की आपल्याला तापमान आठवतं. याच आंदेर्स सेल्सियसने 1731 साली स्वीडनमध्ये, येव्ले शहराजवळच्या एका बेटावर, खडकावर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवली. पूर्वी ज्या खडकांवर सील पहुडायचे, ते आता पाण्याबाहेर इतके उंच आले होते की सीलना चढताच येत नव्हतं. समुद्र आटतोय, असं त्याचं मत पडलं. खूण बरोबर, अर्थ चुकला. वर येत होती ती जमीन.

हिमयुगात इथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, तरी दबलेली जमीन अजून उसळी घेतेच आहे.

सेल्सियसची गफलत आजही होते, कारण 'समुद्राची पातळी' या एका नावाखाली दोन वेगळी मापं नांदतात.

एक किनाऱ्यावरचं, भरतीमापकाचं. (स्वीडनलगतच्या बाल्टिक समुद्रात भरती जेमतेम काही सेंटिमीटरची, पण नाव तेच.) धक्क्याजवळ विहिरीसारखी नळी, तिला खाली लहान छिद्र. लाटांची खळबळ बाहेर राहते, पातळी तेवढी आत उमटते. स्टॉकहोममधली नोंद 1774 पासूनची आहे. आपल्या मुंबईत अपोलो बंदरची 1878 पासून. एवढी जुनी माहिती दुसऱ्या कुठल्याच साधनाकडे नाही. पण हे यंत्र जमिनीला खिळलेलं. जमीन चढली की तेही चढतं, आणि नोंदीत मात्र पाणी उतरल्याचं दिसतं. हीच सापेक्ष पातळी.

दुसरं उपग्रहाचं. 1992 साली टोपेक्स-पोसायडन 1,336 किलोमीटर उंचीवर गेला. पुढे जेसन मालिका आणि सेंटिनेल-6 त्याच वाटेने. रडारचा स्पंद पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतात. उपग्रहाची जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेली असते, त्यामुळे जमिनीच्या हालचालीचा इथे संबंध येत नाही. मात्र किनाऱ्याला चिकटून जमिनीचे प्रतिध्वनी घोळ घालतात, आणि हिवाळ्यात बोथनियाचं आखात, म्हणजे स्वीडन आणि फिनलंडमधला बाल्टिकचा उत्तर भाग, गोठलं की मोजणं अवघडच.

आता हिशेब पाहा. 2006 ते 2018 मध्ये जगातला समुद्र सरासरी वर्षाला 3.7 मिलिमीटरने चढला. बोथनियाच्या उत्तरेला जमीन चढते सुमारे 9 मिलिमीटरने. म्हणजे उपग्रह 'वाढ' सांगतो, तिथला भरतीमापक 'घट', आणि दोघंही खरं बोलतात. या घटीपायी बंदर उथळ झालं म्हणून स्वीडनचं लुलेओ शहर 1649 साली उचलून समुद्राकडे न्यावं लागलं. फिनलंडच्या क्वार्केन द्वीपसमूहात आजही दरवर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. अशा गावात कुणी 'समुद्र वाढतोय' म्हटलं तर लोक हसणारच.

दक्षिणेकडे चित्र उलटं. स्टॉकहोमला जमिनीचा वेग सुमारे 5 मिलिमीटर, त्यामुळे दोन्हींची जवळजवळ बरोबरी होत आली आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला तर जमीन जवळपास स्थिर. तिथे भरतीमापकातली पातळीही वरच सरकते.

दोघांचं जुळवायचं तर भरतीमापकाशेजारी जीपीएस बसवतात. जमीन किती हलली ते त्यातून कळतं, तेवढं नोंदीतून वजा-अधिक केलं की उरतो तो निव्वळ समुद्र. सेल्सियसकडे नेमकं हेच नव्हतं.