डिजिटल युवाकार्य

किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींसोबत घर व शाळा-कॉलेजाबाहेर चालणाऱ्या कामात मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ, व्हिडिओ यांचा जाणीवपूर्वक वापर करणे, आणि या माध्यमांमुळे त्यांच्या आयुष्यात उभे राहणारे प्रश्न कामाचा विषय करणे, याला डिजिटल युवाकार्य म्हणतात. युरोपीय संघाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने ते वेगळी कार्यपद्धती मानलेले नाही. कोणत्याही युवाकार्यात ते सामावू शकते आणि तंत्रज्ञान त्यात साधन, कृती किंवा विषय यांपैकी काहीही असू शकते, अशी त्या गटाची मांडणी आहे. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने 2019 मध्ये या विषयावर स्वतंत्र निष्कर्ष स्वीकारले.

युवाकार्याचा मूळ नियम जुना आहे: मुले आपल्या मर्जीने येतात आणि मर्जीने जातात. लंडनमध्ये 1844 साली वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची स्थापना झाली, तेव्हापासून संघटित युवाकार्याच्या अनेक धारा निघाल्या. त्यांतलीच एक म्हणजे केंद्रात वाट पाहत न बसता रस्त्यावर, मैदानावर, मुले जमतात त्या कोपऱ्यावर जाऊन बोलणे. डिजिटल युवाकार्य या धारेचे थेट वारस आहे. फिनलंडमध्ये 2000 साली सुरू झालेल्या ‘हाब्बो’ या ऑनलाइन खेळातल्या आभासी हॉटेलात मुले तासन्‌तास रमू लागली, तेव्हा तिथले युवा कार्यकर्तेही त्या खोल्यांमध्ये जाऊन मुलांशी गप्पा मारू लागले. युगांडात युनिसेफने 2011 मध्ये ‘यू-रिपोर्ट’ सुरू केले. त्यात तरुण साध्या एसएमएसवरून आपल्या भागातील प्रश्नांवर मत कळवत. त्यासाठी स्मार्टफोन लागत नसे, आणि या कामाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. 2020 च्या करोनाकाळात जगभरची केंद्रे बंद पडली आणि हौसेने चालणारे हे काम अनेक ठिकाणी एकमेव काम होऊन बसले.

ग्रुप आणि खासगी संदेश

बहुतेक ठिकाणी सुरुवात एका चॅट ग्रुपने होते, आणि बहुतेक ठिकाणी तो ग्रुप महिनाभरात सूचनाफलक होतो: वेळ, जागा, ‘सर्वांनी यावे’, खाली चार अंगठे. यात मुलांचा दोष नसतो. बोलणारा एकटा मोठा माणूस असेल, तर ऑनलाइनही वर्गच भरतो. सूचनांसाठी वेगळा ग्रुप आणि गप्पांसाठी वेगळा, कार्यक्रम ठरण्याआधी पोल, आणि गटाच्या खात्यावरच्या पोस्ट मुलांनीच ठरवून टाकणे, एवढ्या बदलांनी चित्र पालटते. जो वाचतो पण कधी लिहीत नाही, तोही सहभागीच असतो. त्याला बोलते करण्याची घाई करू नये.

खरे काम मात्र पुष्कळदा ग्रुपबाहेर होते. समजा, रात्री पावणेबाराला एका मुलीचा संदेश येतो: ‘मी आता येणार नाही.’ पुढे काही नाही. पडद्यावर ‘टायपिंग’ दिसते, थांबते, पुन्हा दिसते, पुन्हा थांबते. समोरासमोर असताना चेहरा वाचता येतो, इथे हातात एवढेच असते. अनुभवी कार्यकर्ता या क्षणी प्रश्नांची फैर झाडत नाही. ‘वाचलं. घाई नाही, तुला जमेल तसं लिही,’ एवढेच कळवतो. जिवाला धोका असल्याची शंका आली, तर मात्र आडवळण घेत नाही. ‘आत्ता तू सुरक्षित आहेस का?’ असे सरळ विचारतो, गरज पडली तर फोन करतो, आपत्कालीन मदत बोलावतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तो देत नाही, कारण ते पाळता येणार नाही हे त्याला ठाऊक असते. कोणाला सांगावे लागेल आणि का, हे तो तिलाच आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या बोलण्याची नोंद होते आणि सहकाऱ्याला कल्पना दिली जाते.

म्हणूनच काही शिस्ती आधी ठरवाव्या लागतात. कामाचा फोन आणि कामाचे खाते वेगळे, ग्रुपमध्ये किमान दोन जबाबदार प्रौढ, आपोआप पुसले जाणारे संदेश बंद, आणि उत्तर कोणत्या वेळेत मिळेल हे ग्रुपच्या माहितीतच लिहिलेले. त्याबाहेरच्या वेळेसाठी मदतवाहिनीचा क्रमांकही तिथेच हवा. निळी टिक दिसूनही उत्तर आले नाही, तर मूल त्याचा अर्थ ‘मी नकोसा आहे’ असाच लावते. चोवीस तास हजर राहणारा कार्यकर्ता थकतो आणि एक दिवस अचानक गप्प होतो. वेळ सांगून ती पाळणाऱ्यावर मुले जास्त विसंबतात.

सुरक्षितता आणि संमती

खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागणे, हा या कामातला सर्वांत कठीण प्रसंग. मूल लाजेने गोठलेले असते. पहिले वाक्य ‘तू का पाठवलास?’ हे असले, तर मूल पुन्हा कधीच येणार नाही. ‘यात गुन्हा त्याचा आहे, तुझा नाही’ हे आधी सांगावे लागते. पैसे देऊ नयेत, संभाषण पुसू नये, धमकीच्या संदेशांचे आणि खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट ठेवावेत, खाते रिपोर्ट करावे, पोलिसांकडे जाताना मुलासोबत असावे. मात्र अल्पवयीन मुलाचे ते छायाचित्र कार्यकर्त्याने स्वतःच्या फोनवर कधीही घेऊ नये. पुरावा म्हणून ठेवले तरी अनेक देशांत तो गुन्हा ठरतो. अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेने 2023 मध्ये सुरू केलेली ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा इथे उपयोगी पडते. ती छायाचित्राचा सांकेतिक ठसा मुलाच्याच फोनवर तयार करते आणि फक्त तो ठसा सहभागी माध्यमांना पाठवते, म्हणजे तेच छायाचित्र तिथे आल्यास ती ते ओळखून काढू शकतात. मूळ छायाचित्र फोनबाहेर जात नाही.

संमतीबाबत कायदे सारखे नाहीत. अमेरिकेत 1998 चा कायदा 13 वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन घेण्यापूर्वी पालकांची परवानगी मागतो. 2018 पासून लागू असलेल्या युरोपीय नियमावलीत हे वय 16 आहे आणि सदस्य देश ते 13 पर्यंत खाली आणू शकतात. भारताच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा करून प्रमुख समाजमाध्यमांवर खाते उघडण्याचे किमान वय 16 केले. गटात बारा वर्षांचा मुलगा असेल आणि गट फक्त एखाद्या समाजमाध्यमावरच भेटत असेल, तर आपण त्याला वय खोटे सांगायला लावतो. अशा वेळी माध्यम बदलावे.

कायद्याचा कागद सही होऊन आला तरी छायाचित्राचा प्रश्न संपत नाही. शिबिराचा हसरा फोटो टाकताना गणवेशावरचा बिल्ला, मागची पाटी, टॅग केलेले ठिकाण यांवरून ते मूल कुठे सापडेल हे कोणालाही कळू शकते. प्रत्येक वेळी विचारावे, आणि मुलाने नंतर ‘काढा’ म्हटले तर कारण न विचारता काढावे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2021 मध्ये डिजिटल जगातील बालहक्कांवर सामान्य टिप्पणी क्रमांक 25 प्रसिद्ध केली. संरक्षणाइतकाच मुलांचा खासगीपणा आणि सहभाग हाही हक्क आहे, अशी तिची भूमिका आहे.

माध्यम हाच विषय

अल्गोरिदमवर, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या अ‍ॅपच्या यंत्रणेवर, भाषण देण्यापेक्षा दोन फोन शेजारी ठेवावेत. दोघांनी एकाच व्हिडिओ अ‍ॅपचे पहिले दहा व्हिडिओ मोजत पुढे जावे. एकाला व्यायाम आणि क्रिकेट दिसते, दुसरीला गोरे होण्याचे उपाय आणि रडणारी माणसे. ‘मी तर हे कधी शोधलंच नव्हतं,’ असे ती म्हणते आणि चर्चा तिथून आपोआप सुरू होते: कशावर थांबलीस, काय दोनदा पाहिलेस, यातून कमाई कोणाची होते. खोटी बातमी, बनावट व्हिडिओ, लपवलेली जाहिरात हे विषयही असेच हाताळता येतात. लाइक आणि फॉलोअर यांवरून या कामाचे मोजमाप होत नाही.

विषमतेचा प्रश्न इथे सतत पायात येतो. घरात एकच फोन असतो, तो संध्याकाळी वडिलांसोबत येतो. मुलीचा फोन भाऊ तपासतो. म्हणजे पाठवलेला संदेश नेमका कोण वाचणार, हे धरूनच तो लिहावा लागतो. नाजूक विषय लेखी काढण्याआधी ‘आत्ता बोलता येईल का?’ एवढेच विचारणे सुरक्षित असते. ऑफलाइन भेट बंद केली, तर नेमकी हीच मुले आधी गळतात.

कार्यकर्ता नोकरी किंवा संस्था सोडतो तेव्हा खात्याचे काय करायचे, हे बऱ्याच संस्थांनी ठरवलेलेच नसते. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा क्रमांक त्याच्या स्वतःच्या सिमचा निघतो आणि गटाचे खाते अडकते. मुलांनाही नाते तुटल्याचे ‘लेफ्ट’ या एका ओळीतून कळते. चांगल्या संस्था काही आठवडे जुना आणि नवा असे दोघांनाही ग्रुपमध्ये ठेवतात. जुना कार्यकर्ता आपल्या जाण्याची तारीख आधी सांगतो, खासगी संदेश पाठवणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलतो, कोणाची कोणती गोष्ट नव्याला सांगायची हे त्यांनाच विचारतो, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन ग्रुप सोडतो.