टोनी मार्टिन यांच्या आवाजातील ब्लॅक सॅबथ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे मूळ गायक ऑझी ऑस्बर्न यांचे निधन झाल्यापासून गुलमंडीवरील आमच्या दुकानात या बँडच्या सत्तरच्या दशकातील रेकॉर्डना मागणी वाढली असून जालना, बीड, परभणीहूनही ग्राहक त्यासाठी येतात. त्याच कप्प्यातील ‘अ‍ॅनो डोमिनी’ हा चार अल्बमांचा संच मात्र बहुतेक जण हातात घेतात आणि गायक ऑझी नसून टोनी मार्टिन आहेत हे वाचून जागेवर ठेवून देतात. त्या संचाविषयी चार शब्द सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

टोनी मार्टिन १९८७ ते १९९५ या काळात बँडच्या पाच अल्बमांत गायले. पहिला, ‘द इटर्नल आयडॉल’, या संचात नाही. उरलेले चार अनेक वर्षे नव्याने छापलेच गेले नव्हते. ते मे २०२४ मध्ये एकत्र आले. त्यांची उपेक्षा झाली ती गाण्यांत काही उणे होते म्हणून नव्हे, तर न ऐकताच मत बनले म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकच अभंग दोन कीर्तनकारांच्या तोंडून ऐकताना आपण जसा दोघांचाही आनंद घेतो, तसाच येथेही घ्यावा. बँडचे मूळ गिटारवादक टोनी आयोमी यांची गिटार तर सर्वत्र तीच आहे.

आरंभ ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९) पासून करावा. त्यातील ‘व्हेन डेथ कॉल्स’ या गाण्यात मार्टिन प्रथम अगदी हलक्या, जवळजवळ कानाशी बोलल्यासारख्या स्वरात गातात, आणि मग गिटार व कोझी पॉवेल यांचे ड्रम एकदम कोसळतात तेव्हा तोच आवाज कुठेही न फाटता वरच्या पट्टीत जाऊन ठरतो. पुढे गिटारचा जो तुकडा येतो, तो क्वीन बँडच्या ब्रायन मे यांचा आहे.

‘टीर’ (१९९०) मधील नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांवरची तीन सलग गाणी मध्ये न थांबता ऐकावीत. ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) मध्ये मूळ बासवादक गीझर बटलर परतले आहेत. ‘फॉरबिडन’वर (१९९५) सर्वाधिक टीका झाली आणि मूळ मिश्रणापुरती (मिक्सिंग, म्हणजे आवाज व वाद्ये एकत्र जुळवण्याचे काम) ती आम्हालाही मान्य आहे, परंतु या संचासाठी आयोमी यांनी स्वतः ते मिश्रण नव्याने केल्यामुळे हा अल्बम पुन्हा ऐकण्याजोगा झाला आहे.

खरेदीपूर्वी यांपैकी कोणतीही एक बाजू दुकानातील टर्नटेबलवर पूर्ण ऐकता येईल. त्याचे शुल्क नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेली रेकॉर्ड वाकडी होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत शक्यतो सायंकाळी येऊन ती न्यावी आणि घरी उभीच ठेवावी. ज्यांच्याकडे ‘फॉरबिडन’ची जुनी कॅसेट असेल, त्यांनी ती सोबत आणावी, दोन्ही मिश्रणे पाठोपाठ लावून दाखवू.