निंबोळी भरड : भिजवलेला अर्क त्याच दिवशी संपवा

शेतकरी बंधू-भगिनींनो, हंगाम लागला की दुकानात एक तक्रार हमखास येते: "भरड नेली, फवारली, पण अळी तशीच." खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं, सोमवारी गाळलेला अर्क बुधवारी मारलाय.

निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे अळीवर काम करणारं द्रव्य, पाण्यात उतरल्यावर फार टिकत नाही, उन्हात तर झपाट्याने नासतं. म्हणून आदल्या रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की गाळा आणि लगेच फवारा. फवारणीला दोन दिवस लागणार असतील तर भरडही दोन वाटे करून दोन रात्री भिजवा. लवकर उतरावं म्हणून गरम पाणी ओतू नका, त्यानेही जोर जातो.

१०० लिटर फवाऱ्याला ५ किलो भरड, ९ लिटर साध्या पाण्यात. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा. दुसऱ्या दिवशी भरड दुहेरी फडक्यातून घट्ट पिळा. भरड पाणी पिते, अर्क कमी निघतो. तेव्हा चोथ्यावर थोडं थोडं पाणी घालून पुन्हा पिळा आणि ९ लिटर पुरे करा. मग साबणाचं पाणी मिसळा. १५ लिटरच्या पंपाला यातला दीड लिटर. अर्क दुधाळ दिसला पाहिजे. चोथा झाडाच्या बुंध्याशी टाका.

अळी दुसऱ्या दिवशी मरून पडेल अशी वाट पाहू नका. तिचं खाणं सुटतं, कात टाकता येत नाही. हे लहान अळीवर होतं; बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी दिसू लागताच पहिली फवारणी घ्या.

"पीठ करून का देत नाही?" पीठ फडक्यातून उतरतं आणि नोझल तुंबतं. "तयार पोती का नसतात?" फोडलेल्या निंबोळीचा जोर घटत जातो, म्हणून आम्ही मागणी आल्यावरच भरडतो आणि पोत्यावर तारीख घालतो. दोन दिवस आधी सांगा. पेंड स्वस्त पडते, पण तेल काढलेली असते. ती जमिनीत घाला, अर्काला नको.

बांधावर कडुनिंब असेल तर विकत घेऊच नका. जून-जुलैत पडलेली निंबोळी गोळा करा, गर धुऊन सावलीत वाळवा आणि आणा. भरडाई तेवढी घेऊ. काळी पडलेली, बुरशी लागलेली मात्र आम्ही परत पाठवतो.